झरा आवरणारी गोळी

हांगझोऊमधल्या वूशान टेकडीच्या पायथ्याशी, हफांग रस्त्याला लागून एक भिंत आहे. तटबंदी वाटावी इतकी उंच, पांढरीफेक, आणि तिच्यावर माणसाहून मोठी काळी चिनी अक्षरं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत एखादं देवस्थान तरी असेल नाहीतर तुरुंग. आत आहे औषधांचं दुकान. हू छिंग यू थांग. हू श्वेयान नावाच्या रेशमाच्या व्यापाऱ्यानं आणि सावकारानं ते १८७४ साली काढलं. हा गृहस्थ सैन्याला रसद पुरवून एवढा वर चढला, की दरबारानं त्याला मोठ्या अंमलदाराची लाल बोंडाची टोपी दिली. पुढं रेशमाच्या सट्ट्यात पार बुडाला आणि १८८५ मध्ये गेला. दुकान मात्र चालू आहे.

आत शिरलं की आधी वास येतो. वेखंड, लवंग, ओली माती, जुनं लाकूड आणि मधूनच काहीतरी तुरट. डोक्यावर कोरीव, सोनेरी मुलाम्याच्या तुळया, लांबलचक गल्ला. तिथं एक पाटी आहे, तिचा अर्थ ‘फसवू नका’. दुकानातल्या बाकीच्या पाट्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून आहेत. ही मात्र आतल्या बाजूला वळवलेली आहे, नोकर-मुनिमांना उठता-बसता दिसावी म्हणून. आपल्याकडे काही दुकानांत अशी पाटी लावायची सोय व्हायला हवी, असं मला फार वाटलं.

गल्ल्यामागं भिंतभर लाकडी खण. प्रत्येक खणात दोन-तीन कप्पे. पिसासारखी हलकी फुलं-पानं वरच्या रांगेत, रोज लागणारा माल हाताशी, शिंपले-दगड-हाडं तळाला. दुकानातला पोरगा कागद वाचतो, खण ओढतो, हातातल्या एकपारडी तागडीत चिमूट टाकतो. तागडीची दांडी बोटभर जाडीचीही नाही. तोलून झालं की गल्ल्यावर पसरलेल्या सात कागदांवर ती चिमूट डोळ्यांच्या अंदाजानं सात वाटण्यांत सोडत जातो. मग पुढचा खण. सगळं झालं की पुन्हा एकदा कागदाशी ताडून बघतो, सात पुड्या बांधतो आणि एकावर एक रचून सुतळीनं बांधून देतो. हे बघायला तिकीट लावलं असतं तरी मी काढलं असतं.

माझ्याबरोबर माझ्या मोठ्या नणंदबाई होत्या. वन्सं साताऱ्याच्या, निवृत्त शिक्षिका, तीन बाळंतपणं झालेल्या. प्रवासात पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. लग्न असो, एसटी असो, विमान असो, घराबाहेर पडण्याआधी दोन तास पाणी बंद. शिंक आली की एक पाय दुसऱ्यावर, हसू आलं की हात पोटाशी. हे आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी एक शब्दही कधी बोललं नव्हतं. वाचकांतल्या निम्म्या जणींना यात नवल वाटणार नाही. उरलेल्या निम्म्यांनी आपल्या आईला किंवा सासूला विचारून बघावं.

आमची दुभाषी ग्वांगडाँगकडची पोर, हांगझोऊला शिकायला राहिलेली. तिनं वन्संचं पाय आवळणं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी हफांग रस्त्यावर, भर गर्दीत, खणखणीत आवाजात विचारलं, “मावशी, लघवी सुटते का?”

वन्संनी तोंडाला ओढणी लावली. “अगं, हळू बोलायला सांग तिला!”

“वन्सं, ती इंग्रजीत बोलतेय. इथं कुणाला कळणार?”

“मला कळतंय ना!”

पोरीला यात लाजण्यासारखं काय आहे तेच उमजेना. ती म्हणाली, मी सात वर्षांची होईपर्यंत अंथरुणात करायचे. आजीनं डुकराचं मूत्राशय आणून, धुऊन, त्यात गिंकोच्या बिया घालून सूप करून पाजलं. ज्या अवयवाचं दुखणं, त्याच अवयवाचं खाणं, असा तिकडचा हिशेब. दक्षिण चीनमध्ये हे सूप घरोघरी ठाऊक आहे. आम्ही दोघी शाकाहारी. वन्संचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

जवळच्या गल्लीत एक दवाखाना होता, तिथं ती आम्हाला घेऊन गेली. चिनी वैद्याची खोली म्हणजे बंद दार, पडदा, एकांत असं काही डोक्यात असेल तर काढून टाका. टेबलापलीकडं पांढऱ्या कोटातली डॉक्टरीणबाई, अलीकडं पेशंट, आणि पेशंटच्या पाठीशी अर्धवर्तुळ करून पुढचे पाच-सहा पेशंट. सगळे ऐकतात. रात्री किती वेळा उठता? रंग कसा? धार बारीक की जाड? खोकल्यानं सुटते, की घाई लागून दार गाठेपर्यंत सुटते? कंबर दुखते का? पावलं गार पडतात का? वन्सं उत्तर देत होत्या ते जमिनीला, मी इंग्रजीत सांगत होते, पोर चिनीत सांगत होती, आणि तिघींच्या साखळीतून निघालेलं उत्तर ऐकून मागचे आजोबा मान डोलवत होते. वन्संचा रात्रीचा आकडा आला तेव्हा त्या आजोबांनी न विचारता आपलाही सांगून टाकला. तो मोठा होता. अभिमानानं सांगितला.

मला या सगळ्या प्रवासात जे सगळ्यात चकित करून गेलं ते हेच. पुढं सांगायच्या किड्यांच्या अंड्यांनी आणि ड्रॅगनच्या हाडांनीही इतकं केलं नाही. एक अख्खा देश लघवीबद्दल खोकल्यासारखं बोलतो.

मग नाडी. तीन बोटं, दोन्ही मनगटं. आपल्या वैद्यांची बोटं वात-पित्त-कफ शोधतात. इथं प्रत्येक बोटाखाली वेगळे अवयव, आणि कोपराकडच्या तिसऱ्या बोटाखाली मूत्रपिंड. मग जीभ. कडेला दातांचे ठसे उमटलेले. निदान झालं, मूत्रपिंडाचा ‘यांग’ उणा.

हे मूत्रपिंड म्हणजे सोनोग्राफीत दिसणारं मूत्रपिंड समजायचं नाही. चिनी वैद्यकात हाडं, कान, डोक्याचे केस, हिवाळा, खारट चव, काळा रंग आणि भीती हे सगळं त्याच्या खात्यावर. घाबरलं की माणसाची चड्डी ओली होते ना, त्याचीही नोंद त्यांनी तिथंच केली आहे. मूत्राशय हा पाण्याचा साठा, आणि खाली मूत्रपिंडाचा विस्तव. चुलीवर हंडा ठेवला आणि जाळ बरोबर असला की वाफ वर जाते. जाळ मंदावला की पाणी नुसतं थंडगार साचतं आणि चिरेतून ठिबकत राहतं. वन्संची चूल विझत आली आहे, असं एकूण.

भिंतीवर नकाशा होता, माणसाच्या अंगावर रेघा आणि ठिपके. मूत्राशयाची रेघ सगळ्यांत लांब, तिच्यावर ६७ ठिपके. ती सुरू होते डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला. तिथून कपाळ, टाळू, मान, पाठीवर दोन पदरी, मांडी, पोटरी आणि शेवट पायाच्या करंगळीला. वन्संनी चष्मा लावून ती रेघ बोटानं वरपासून खालपर्यंत गिरवली. म्हणाल्या, “म्हणजे रडू आणि लघवी एकाच नळाला! बरोबर आहे.”

औषध निघालं त्याचं नाव स्वो-छ्वान-वान, झरा आवरणारी गोळी. सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलेली, म्हणजे आपल्याकडं यादवांचं राज्य होतं त्या सुमाराची. तीनच जिनसा. दुकानात परत गेलो तेव्हा तिथल्या पोरानं तिन्ही गल्ल्यावर मांडून दाखवल्या. पहिली, हायनान बेटावरून येणारी ‘यी-झ’. बोटाच्या पेराएवढी, दोन्हीकडं निमुळती, अंगावर उभ्या शिरा. फोडली तर आत वेलदोड्यासारखे दाणे. ती आलं-वेलचीच्याच कुळातली. मिठाच्या पाण्यात भिजवून कढईत परततात, कारण खारट चव औषधाला मूत्रपिंडाकडं नेते. दुसरी, ‘वू-याव’ नावाच्या झाडाचं मूळ, चकत्या करून वाळवलेलं. हे दालचिनीच्या कुळातलं, आणि सगळ्यात नावाजलेलं हांगझोऊपासून फार लांब नसलेल्या थिएनथाय डोंगराचं. तिसरी, ‘शान-याव’, खडूसारख्या पांढऱ्या कांड्या. पीत नदीच्या गाळावर, हनान प्रांतातल्या ज्याओझुओकडं पिकणारी. हा कंद म्हणजे आपल्या कोनफळाचा सख्खा चुलतभाऊ. त्याच्या पिठाची खळ शिजवायची आणि तिच्यातच बाकीची पूड वळून गोळ्या करायच्या.

वन्संनी तिन्ही हुंगल्या. “वेलची, दालचिनी आणि कोनफळ. एवढ्यासाठी मी चीनला आले?”

पण त्याच गल्ल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाची पुडी बांधली जात होती, आणि तिच्यात जे पडलं ते आमच्या कुठल्याही मसाल्याच्या डब्यात नव्हतं. तपकिरी, अंगठ्याएवढं, हलकं, फेस वाळून घट्ट व्हावा तसं. मी उचलून बघितलं. चिरलेल्या तोंडातून आत ओळीनं बारीक बारीक घरटी दिसत होती. प्रार्थनाकीटक, म्हणजे तो पुढचे दोन पाय जोडून बसणारा हिरवा किडा, त्याच्या अंड्यांचा कोश. तुतीच्या फांदीवर घातलेला असेल तर उत्तम. आणला की आधी वाफवायचा, म्हणजे आतली अंडी मरतात. कच्चा घेतला तर जुलाब होतात, असं जुने ग्रंथ बजावतात.

या कोशाची ख्याती केली खोऊ झोंगशी नावाच्या वैद्यानं, १११६ सालच्या आपल्या ग्रंथात. त्यानं त्यात एका शेजाऱ्याची हकिगत दिली आहे. हा शेजारी दिवसातून दहा वेळा नव्हे, त्याच्या कितीतरी पट लघवीला जायचा. लघवी तांदळाच्या दाट धुवणासारखी पांढरी. माणूस वाळून गेला, जेवण सुटलं, मन थाऱ्यावर नाहीसं झालं. त्याला खोऊनं जी पूड दिली तिच्यात हा कोश होता, जिनसेंग होतं, वेखंडाच्या जातीचं मूळ होतं, कासवाच्या पोटाचं कवच होतं आणि ‘लोंग-गू’ होतं. लोंग-गू म्हणजे ड्रॅगनचं हाड.

ड्रॅगनचं हाड म्हणून चिनी औषधविक्रेते शेकडो वर्षं जे विकत आले ते जमिनीतून निघालेली जीवाश्म हाडं आणि दात. शेतकऱ्यानं खणायची, अडत्याला विकायची, कुटून पूड करायची आणि लघवी, घाम, झोप, जे काही आवरत नसेल त्याला द्यायची. १८९९ च्या सुमाराला बीजिंगमधला वांग यीरोंग हा विद्वान अंमलदार अशा हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेल्या रेघा निरखू लागला, आणि त्या रेघा निघाल्या शांग राजवटीतल्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या लिपीच्या. चीनमधलं सगळ्यात जुनं लिखाण ते हेच. त्याच वर्षांत एका जर्मन डॉक्टरनं बीजिंगच्या औषधी दुकानांतून अशी हाडं गोळा केली. त्यांतला एक दात माणसाच्या दाताच्या इतका जवळचा निघाला, की प्राचीन मानवाचा शोध चीनकडं वळला, आणि पुढं १९२० च्या दशकात झोऊकोऊदियानच्या गुहेत ‘पेकिंग मानव’ सापडला.

आता खोऊच्या पुडीत कासवाचं कवच आणि ड्रॅगनचं हाड दोन्ही होतं हे आठवा. अंथरूण ओलं करणाऱ्या किती पोरांनी शांग राजाचे शकुन-अपशकुन मधाच्या बोटाबरोबर चाटून टाकले असतील, याचा हिशेब कुठल्याही इतिहासकाराकडं नाही.

गिंकोच्या बिया नंतर रस्त्यावरच भेटल्या. कढईत वाळूत भाजलेल्या, कवच फुटलेल्या, आत हिरवट-पिवळा गर. परीक्षेच्या कोठडीत तासन्‌तास बसणारे उमेदवार आणि पालखीतून सासरी निघालेल्या नवऱ्या मुली वाटेत लघवी लागू नये म्हणून त्या खायच्या, असं तिथले लोक सांगतात. चव बरी आहे, चेस्टनटच्या आणि कडवट वालाच्या मधली. पण दुभाषी पोरीनं मोजूनच हातावर ठेवल्या. जास्त खाल्ल्या तर विषबाधा होते, लहान मुलांना तर आकडी येते, कारण त्यातलं द्रव्य शरीरातल्या बी-६ जीवनसत्त्वाचं काम अडवतं. पोराचं अंथरूण कोरडं राहावं म्हणून आजीनं सढळ हातानं चारल्या तर भलतंच संकट.

नवऱ्या मुलींवरून आठवलं. हफांग रस्त्यावर जुन्या वस्तूंच्या दुकानात लाल लाखेचं, पितळी पट्ट्यांचं, झाकणाचं एक देखणं पिंप होतं. वन्संना वाटलं तांदळाचं, आणि घरी न्यायची भाषा सुरू झाली. ते होतं रात्री वापरायचं भांडं. यांगत्सीच्या दक्षिणेकडच्या मुलखात ते नवरीच्या रुखवतातच द्यायचे. आत लाल रंगवलेली अंडी, खजूर, शेंगा भरून. पोराबाळांनी घर भरावं म्हणून. आपल्याकडं रुखवतात शंकरपाळ्यांचं तुळशीवृंदावन करतात ते मला एकदम फिकं वाटलं.

आणि हांगझोऊच्या दक्षिणेला डोंगयांग गाव आहे, तिथलं तर सांगू की नको असं होतं. वसंतात तिथं शाळांतून दहा वर्षांच्या आतल्या मुलग्यांची लघवी बादल्यांत गोळा करतात आणि तिच्यात अंडी उकडतात. कवचाला तडे देऊन पुन्हा उकडतात, दिवसभर. रस्त्यावर विकतात. उन्हाळा बाधत नाही म्हणे. २००८ साली गावानं ही अंडी आपला सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. हे ऐकून दुभाषी पोरीला वाटलं, आम्ही हादरू. वन्संनी शांतपणे तिला मोरारजीभाईंची गोष्ट सांगितली. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, पुढं देशाचे पंतप्रधान, रोज सकाळी शिवांबू घेणारे, ते लपवून न ठेवणारे, आणि ९९ वर्षं जगलेले. हादरायची पाळी तिच्यावर आली.

आमच्या ‘यांचा’ प्रश्नही मी डॉक्टरीणबाईंपुढं मांडून बघितला. हे त्या वेळी पश्चिम सरोवराच्या काठी बाकावर बसून फोटो काढत होते. प्रोस्टेट वाढलेलं, रात्री उठायचं आणि उभं राहायचं. बाई म्हणाल्या, माणूस समोर आणा. पण त्यांनी ज्या औषधाचं नाव घेतलं ते मी परतल्यावर धुंडाळलं. शेन-छी-वान, झांग झोंगजिंग या वैद्याचं, अठराशे वर्षांपूर्वीचं. आठ जिनसा, त्यांत दालचिनी आणि शुद्ध केलेल्या बचनागाच्या जातीचं मूळ. गंमत अशी, की लघवी फार होत असली तरी हेच आणि होत नसली तरी हेच. चूल पेटवली की दोन्ही मार्गी लागतं, असा त्यामागचा विचार. जपानमध्ये ते आजही कारखान्यात बनतं आणि डॉक्टर लिहून देतात. बचनागाचं नाव काढल्यावर यांनी मात्र आपल्या यूरॉलॉजिस्टची गोळी बदलायला साफ नकार दिला, आणि त्यात मला काही गैर दिसलं नाही.

कारण या खणांमध्ये एक खण असा होता की तो उघडून पुष्कळ माणसं मेली. लघवीची जळजळ, अडखळणं, म्हणजे आपण ज्याला उन्हाळे लागणं म्हणतो, त्यावरच्या जुन्या चिनी नुस्ख्यांत ‘मू-थोंग’ नावाची वेल असते. लघवी मोकळी करणारी. मूळ वेल निरुपद्रवी. पण विसाव्या शतकात तिच्या जागी मांचुरियाकडची दुसरीच एक वेल, ग्वान-मू-थोंग, बाजारात बसली. तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंड कायमचं निकामी करतं आणि मूत्रमार्गात कॅन्सर करतं. जगाला हे कळलं ते बेल्जियममध्ये. ब्रुसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन उतरवायला गेलेल्या बायकांना जी पूड दिली तिच्यात चुकीची मुळी गेली होती. नाव जवळचं, झाड निराळं, आम्ल हेच. तरण्याताठ्या बायकांची मूत्रपिंडं गेली. १९९३ साली तिथल्या डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केलं. पुढं शंभरावर केसेस निघाल्या. चीननं ग्वान-मू-थोंग रद्द केली ती २००३ साली. लघवी मोकळी व्हावी म्हणून घेतलेल्या औषधानं लघवी कायमची बंद व्हावी, यापरता उलटा न्याय नाही.

याच कुळातली एक वेल आपल्या कोकणातही आहे. ईश्वरी, सापसंद. विंचू-सापावर देतात. तिच्यातही तेच आम्ल. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय कसला’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे दोनदा सांगायला हवं.

आमच्या वन्संच्या पुडीत तसलं काही नव्हतं. दवाखान्यातच त्या गोळीच्या जिनसांचा काढा यंत्रात उकळून, गरम गरम पाकिटांत भरून दिला होता. तपकिरी, किंचित तिखट, शेवटी मातकट. पहिलं पाकीट त्यांनी तिथंच उभ्यानं प्यायलं. गुण आला का, असं परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं. ते मला सांगता येणार नाही आणि वन्संनाही, कारण त्याच आठवड्यात त्यांचा घरचा उकळता चहा सुटला होता आणि आणखीही एक गोष्ट सुरू झाली होती. गोळीच्या बाजूनं चिनी मासिकांत अभ्यास पुष्कळ आहेत, पण बहुतेक लहान आणि कच्चे.

सुयांचं प्रकरण वेगळं आहे. खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या ५०४ बायकांवर चीनमधल्या १२ हॉस्पिटलांनी मिळून एक चाचणी केली आणि तिचे निकाल २०१७ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आले. निम्म्या जणींना कमरेखाली, त्रिकास्थीपाशी सुया टोचून बारीक वीज दिली. निम्म्या जणींना न टोचणाऱ्या बोथट सुयांचं नाटक केलं. सहा आठवड्यांनी पॅडचं वजन करून गळती मोजली. पहिल्या गटात ती सरासरी ९.९ ग्रॅमनं कमी झाली, दुसऱ्यात २.६ ग्रॅमनं. शिवाय आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर ‘सान-यिन-ज्याव’ नावाचा ठिपका आहे, तिथून जवळच एक मोठा मज्जातंतू जातो. अशा ठिपक्यांवरून सुचून १९८३ मध्ये एका अमेरिकी यूरॉलॉजिस्टनं तिथं वीज देऊन बघितली, आणि आज घाईची लघवी असलेल्यांना पाश्चात्त्य हॉस्पिटलांत घोट्याजवळ सुई टोचून वीज देतात. चिनी नकाशातला नळ अगदीच काल्पनिक नाही तर.

आणि ती ‘आणखी एक गोष्ट’. डॉक्टरीणबाईंनी पुड्या लिहून झाल्यावर, वन्सं उठता उठता, त्यांना पुन्हा बसवलं आणि दुभाषीकडून एक क्रिया समजावली. गुदद्वार वर ओढायचं, धरायचं, सोडायचं. श्वास चालू ठेवायचा, पोट-मांड्या ढिल्या. सकाळ-संध्याकाळ. चीनमध्ये आजी-आजोबा बागेत हे करतात, बसची वाट बघताना करतात. मागच्या आजोबांनी लगेच बसल्या जागी करून दाखवलं, निदान चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं. वन्सं माझ्याकडं बघून म्हणाल्या, “अगं, ही तर अश्विनी मुद्रा! आमच्या योगाच्या बाई दर बुधवारी सांगतात. मी फक्त डोळे मिटून बसायचे.”

अमेरिकेत १९४८ साली आर्नल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञानं तोच व्यायाम लिहून काढला, म्हणून जगभरचे डॉक्टर त्याला केगलचा व्यायाम म्हणतात. शिंक, खोकला, हसू यांनी लघवी सुटणाऱ्या बायकांना आज गोळी किंवा ऑपरेशन यांच्या आधी हाच सांगतात, किमान तीन महिने, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली.

तेव्हा बायांनो, हांगझोऊला जरूर जा, ते दुकान बघा, तागडी बघा, पण पुड्या आणू नका. आणल्याच तर आतली प्रत्येक मुळी कुठली ते लिहून घ्या. लघवीत रक्त दिसलं, ताप आला, जळजळ थांबेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि शिंकेबरोबर सुटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला सांगा, मोठ्यानं सांगा. प्रवासात पाणी प्या.